अथेन्सला जायचंय, पण खिशाचं कसं सांगू?

प्रिय मावशी,
मी सत्तावीस वर्षांची, सांगलीत एका खासगी कॉलेजात शिकवते. इंजिनिअरिंगपासूनचे आम्ही चौघं, दोन मुलगे आणि दोन मुली. दोघं मुलगे आता जर्मनीत नोकरीला आहेत आणि मैत्रीण पुण्यात आयटीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठीवर सॅक टाकून अथेन्समध्ये भेटायचं ठरलंय. शाळेच्या पुस्तकात पार्थेनॉनचं, अथेन्समधल्या त्या जुन्या देवळाचं, चित्र पाहिलं तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे. पण आता ग्रुपवर रोज नवा बेत निघतो. कधी अॅक्रोपोलिस, म्हणजे पार्थेनॉनची टेकडी, दिसणाऱ्या गच्चीचं हॉटेल, कधी मध्येच दोन दिवस सॅन्टोरिनी बेट. माझ्याकडं विमान, व्हिसा सगळं धरून एक लाख वीस हजार आहेत. मी ग्रुपवर 'हो हो' लिहिते आणि रात्री हिशोब मांडत बसते. शिवाय आमच्यातला एक, मेकॅनिकलचा, म्हणतो, "दगड बघायला एक सकाळ पुरे." मला तर त्या दगडांसाठीच जायचंय. आजारी आहे असं सांगून यातून अंग काढून घेऊ का?
— नाव छापू नये, सांगली

बाळा,

आजारपणाचं खोटं सांगू नकोस. बाकीचं सगळं नंतर, पण हे आधी सांगते, कारण हेच खोटं मी सांगितलं होतं आणि तेही अथेन्समध्येच.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. तीन मैत्रिणींबरोबर गेले होते. त्यांची घरची स्थिती चांगली होती. मी जिथं नोकरी करत होते तिथं चार महिन्यांचा पगार रखडला होता, आणि हे मी एकीलाही सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत जेवणाची बिलं चौघींत सारखी वाटली गेली आणि माझं पाकीट निम्मं झालं. तिसऱ्या संध्याकाळी त्या प्लाका भागात जेवायला निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, पोट बिघडलंय, तुम्ही जा. त्या गेल्यावर खाली उतरले, कोपऱ्यावरच्या गाडीवरून एक कुलुरी घेतली आणि बाकावर बसून खाल्ली. कुलुरी म्हणजे तीळ लावलेली पावाची गोल कडी. तिचे तीळ ओढणीवर सांडत होते आणि मी ते एकेक वेचून खात होते. भूक तेवढी नव्हती, पण हातांना काहीतरी काम हवं होतं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच कारण सांगितलं. त्या रात्री आमच्यातली एक दोन तास चालून कुठून तरी साधा भात आणि दही घेऊन आली. पोटाला बरं म्हणून. तो दहीभात तिच्यासमोर बसून खाताना मला घास गिळवेना. मग सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तू कुणाबरोबर आली आहेस असं वाटलं तुला?"

ते वाक्य मला अजून टोचतं. तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून हे लांबलचक उत्तर लिहायला बसले आहे.

तुझे मित्र दुष्ट नाहीत गं. त्यांना दिसत नाहीये, एवढंच. ते दोघं जर्मनीत राहतात, तिथला निवासी परवाना हातात आहे, म्हणजे ग्रीसला जायला त्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. तिकीट काढलं की निघाले. तुझ्यासाठी मात्र अर्ज, मुंबईची वारी, बोटांचे ठसे, बँकेचे कागद, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा आणि ९० युरो फी एवढं सगळं आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ती फी परत येत नाही. त्यांच्या आणि तुझ्या 'चला, निघू या' मध्ये एवढं अंतर आहे आणि ते तू सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं नाही. पुण्याच्या मैत्रिणीला निदान व्हिसाचं तरी कळेल. तिला आधी फोन कर. ग्रुपवर एकटीनं बोलायचं धैर्य होत नसेल, तर बाजूला एक माणूस आहे एवढ्यानंही आवाज फुटतो.

आणि सांगताना आकडा सांग. 'माझं बजेट जरा टाइट आहे' असलं मोघम नको. 'टाइट' म्हणजे एकाला दोनशे युरो वाटतात आणि दुसऱ्याला दोन हजार. विमान, व्हिसा, विमा वजा जाता तुझ्या हाती पाचएकशे युरो उरतील असं धरू. सहा दिवसांत दिवसाला ऐंशी. म्हणजे हे असं लिही:

'मला तुमच्याबरोबर यायचंच आहे. तिथं पोचल्यावर माझ्याकडं रोजचे ऐंशी युरो असतील, झोपणं, खाणं, तिकिटं सगळं धरून. त्यात बसेल असं हॉस्टेल मी शोधते. तुम्हाला महागात जेवायचं असेल त्या दिवशी बिल ज्याचं त्याचं. सॅन्टोरिनी मला जमणार नाही.'

माफी मागू नकोस, कारणं देत बसू नकोस. आणि हे व्हिसाची फी भरण्याआधी लिही. नंतर लिहिलंस तर गेलेल्या पैशांच्या ओझ्यानं पुन्हा 'हो हो' म्हणशील.

ऐंशी युरोत अथेन्स होतं का? होतं, आणि चांगलं होतं. मी गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर पुन्हा जाऊन आले, म्हणून हे ताजं सांगते आहे. विमानतळावरून शहरात मेट्रोनं यायला ९ युरो लागतात. एक्स-९५ नंबरची बस सिन्ताग्मा चौकापर्यंत दिवसरात्र धावते, तिचं तिकीट ५.५० युरो. राहायला कुकाकी किंवा प्सिरी भागात, मेट्रोपासून चालत जाता येईल असं बघा. हॉस्टेलच्या लॉकरला आपलं कुलूप घेऊन जा. गच्चीचं म्हणशील तर अॅक्रोपोलिसचा दगड शहराच्या मधोमध उभा आहे, शहर त्याच्या भोवती. तो दिसण्यासाठी गच्चीला पैसे मोजायची काही गरज नाही. अॅरिओपागस हा अगदी लगतचा उघडा खडक, तिथं तिकीट नाही. फिलोपापूची टेकडीही तशीच. मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती प्निक्सची टेकडी. जुन्या अथेन्सची नागरिकांची सभा इथं भरायची. वक्त्याच्या उभं राहण्याचा कट्टा खडकातूनच कोरलेला आहे आणि आजही जागेवर आहे. काही निर्णयांना ६,००० माणसं हजर असावी लागत. त्या माणसांत एकही बाई नसे, गुलाम नसे. हे आठवून मी आणि माझ्या मैत्रिणी तिथं पाय पसरून तासभर बसलो होतो आणि मोठमोठ्यानं बोललो होतो. तू आणि तुझी पुण्याची मैत्रीण दोघी तिथं नक्की बसा.

एक लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. तुम्ही नेमके त्याच आठवड्यात आहात. त्यानंतर अथेन्समध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. 'संध्याकाळी जाऊ टेकडीवर' असं म्हणून सहाला निघालात तर अंधार भेटेल.

पण त्याच आठवड्यात तुमच्या नशिबात एक चांगली गोष्टही आहे. २८ ऑक्टोबरला ग्रीकांचा 'ओही' दिवस असतो. ओही म्हणजे नाही. १९४० साली मुसोलिनीनं आमच्या सैन्याला वाट द्या म्हणून धमकावलं आणि ग्रीसनं नकार दिला, त्या नकाराची ही राष्ट्रीय सुट्टी. रस्त्यांवर शाळेच्या मुलांची संचलनं निघतात आणि सरकारी पुरातत्त्व स्थळांवर, संग्रहालयांत त्या दिवशी प्रवेश फुकट असतो. अॅक्रोपोलिसचं तिकीट आता ३० युरो झालं आहे, म्हणजे तुझ्या एका दिवसाच्या पैशांचा मोठा लचका. तरी माझा सल्ला असा की अॅक्रोपोलिस फुकटच्या दिवशी बघू नकोस. त्या दिवशी गर्दी उसळते. ज्या जागेसाठी तू शाळेपासून थांबली आहेस तिथं माणसांच्या डोक्यांवरून बघत उभं राहावं लागलं तर फार वाईट वाटेल. ते ३० युरो दे, सकाळचा पहिला वेळ आधीच ऑनलाइन घेऊन ठेव. दुसरीकडं वाचव. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय त्या २८ तारखेला ठेव.

आता तुझ्या मेकॅनिकलच्या मित्राबद्दल. तुझ्या पत्रात त्याच्या त्या वाक्यावर तू सगळ्यांत जास्त रागावली आहेस, पैशांपेक्षाही. मला तो राग कळतो. आपल्याला जे जिवाभावाचं वाटतं त्याला आपलं माणूस 'दगड' म्हणालं की लागतं. पण त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला त्याच्या भाषेतला दगड दाखव.

पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभं राहिलं. १६८७ साली तुर्कांनी आत दारूगोळा साठवलेला असताना व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला आणि मधला भाग उडाला. आज दिसतं ते त्यातून उरलेलं आणि पुन्हा जोडलेलं. खांबांजवळ गेलात की नीट बघा. जुना संगमरवर मधाच्या रंगाचा झालाय, कारण पेंटेली डोंगरातल्या त्या दगडात लोहाचा अंश असतो. त्यात मध्येच पांढरेशुभ्र तुकडे बसवलेत, तेही त्याच डोंगरातले. फुटलेल्या कडेचा प्रत्येक खाचखळगा मोजून नवा तुकडा त्याच वळणानं घडवलेला. मूळ कारागिरांनी दगडाला दगड जोडायला लोखंडी कड्या वापरल्या, पण त्यांवर शिसं ओतलं, म्हणून त्या शेकडो वर्षं गंजल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत लोखंड वापरलं आणि शिसं वगळलं. ते गंजलं, फुगलं आणि त्यानं संगमरवर आतून फोडला. १९७५ नंतर सुरू झालेल्या कामात त्या कड्या काढून टायटॅनियमच्या बसवताहेत. हे त्याला जागेवर सांग. मग त्याला पायरीच्या एका कोपऱ्यापाशी नेऊन तिच्या कडेवरून पलीकडच्या टोकाकडं बघायला सांग. लांबलचक सरळ वाटणारी ती पायरी मधोमध सुमारे ११ सेंटीमीटरनं वर उचललेली आहे. मुद्दाम. माझा नवरा कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, तो तिथून हलायलाच तयार नव्हता.

(बूट मात्र चांगल्या पकडीचे घाला. लाखो पावलांनी तिथला दगड गुळगुळीत झालाय. कोरड्या दिवशीही पाय सटकतो.)

त्याला संग्रहालयात अँटिकिथेराचं यंत्रही दाखव. स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना समुद्रात बुडालेलं जहाज सापडलं आणि १९०१ साली त्यातून हे वर आलं. हिरवट गंजलेला ब्राँझचा गोळा, आणि त्यात दातेरी चाकं. तीस चाकं आजही ओळखता येतात. सूर्यचंद्राच्या गती आणि ग्रहणं काढायचं, दोन हजार वर्षांहून जुनं. 'एक सकाळ पुरे' म्हणणाऱ्याला त्या काचेसमोर उभं कर आणि तू दुसऱ्या दालनात जा. तिथं हेगेसो नावाच्या बाईचा थडग्यावरचा दगड आहे. ती खुर्चीत बसली आहे, समोर दासी दागिन्यांची पेटी धरून उभी आहे आणि ती त्यातला एक दागिना उचलून बघते आहे. दागिना रंगवलेला होता, रंग उडाला. आता बोटांच्या चिमटीत काहीच नाही. त्या रिकाम्या चिमटीपुढं मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही.

सॅन्टोरिनीचं काय? तुझ्या मनात धाकधूक असेल की आपल्यापायी त्यांचा बेत मोडतोय. पिरेयस बंदरातून तिथं जायलाच पाचपासून आठ तास लागतात. सहा दिवसांतले दोन गेले तर अथेन्स तुकड्यातुकड्यांत बघावं लागेल, चौघांनाही. त्यांना समुद्र हवाच असेल तर एजिनाचं नाव सुचव. त्याच बंदरातून साध्या बोटीनं साधारण सव्वा तासात पोचता येतं. तिथं अफायाचं देऊळ आहे, पार्थेनॉनच्याही आधीचं, पाइनच्या झाडांत एकटं उभं. आणि बेटावरचे पिस्ते साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले. सकाळी जा, रात्री परत या. तरीही दोघं सॅन्टोरिनीला निघालेच, तर जाऊ देत. तू आणि मैत्रीण मागे राहा आणि रुसू नका.

एक मागणं मात्र तू पैशांइतकंच ठामपणे माग. एक पूर्ण सकाळ तुझी एकटीची. मित्रांबरोबर फिरताना आपण दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी चेहरा वाचत असतो. कंटाळला का, भूक लागली का, फोटो काढायचाय का. त्यात बघणं राहून जातं. त्या सकाळी तू अॅक्रोपोलिस म्युझियममध्ये जा. २००९ मध्ये उघडलेली ही नवी इमारत, टेकडीच्या पायथ्याशी. इरेक्थिऑन देवळाचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा मुलींचे पुतळे होते, कॅरिअॅटिड म्हणतात त्यांना. टेकडीवर आता उभ्या आहेत त्या प्रतिकृती. खऱ्या पाच इथं आहेत. सहावी लंडनला, एल्गिन नावाच्या ब्रिटिश सरदारानं नेलेली. तिची जागा इथं रिकामी ठेवली आहे. टेकडीवर त्या फक्त समोरून दिसतात, इथं मात्र मागे जाता येतं. जा. पाठीवर जाडजूड वेण्या आहेत, पेड न् पेड कोरलेला. मानेच्या मागून ती वेणी उतरते म्हणूनच एवढं वजन पेलूनही मान मोडत नाही. समोरून बघणाऱ्याला मात्र मान नाजूकच दिसते. माझ्या आईची वेणी अशी होती. मी तिथं रडले, आणि तिथं कुणी मला विचारायला नव्हतं याचं मला बरं वाटलं.

दुपारी सगळे केरामेइकोसला भेटा. ते जुनं दफनस्थान, गर्दी कमी असते, गवतात कासवं फिरतात.

जेवणाचं म्हणजे, तू शाकाहारी आहेस की नाही हे लिहिलं नाहीस, पण असलीस तर एक शब्द पाठ कर: निस्तीसिमो. उपवासाचं. त्यांच्या चर्चचे उपवास आपल्याइतकेच असतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी, मासे चालत नाहीत. दुकानात हा शब्द वापरलास की समजतात. फक्त कोळंबी-शिंपले त्या उपवासाला चालतात, तेवढं विचारून घे. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, म्हणजे येमिस्ता, आणि टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, यिगांतेस, यांवर पोट मस्त भरतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

मेट्रोत, विशेषतः मोनास्तिराकी आणि ओमोनियाला, सॅक पोटाशी घ्या. पासपोर्टच्या प्रती वेगळ्या ठेवा. काही अडलं तर ११२. आईला हे एवढं वाचून दाखव, तिची काळजी थोडी उतरेल.

आणि एक सुचवते. व्हिसाच्या कामासाठी मुंबईला जाशील, तेव्हा येताना लोणावळ्याजवळ उतर आणि कार्ल्याच्या लेण्यात जा. चैत्यगृहातल्या काही खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत आणि त्यातले काही जण स्वतःला यवन म्हणवतात, धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे यवन. नावं देशी, दान बुद्धाला, ओळख मात्र यवन. ग्रीकांसाठी आपल्याकडं रुळलेला शब्द तो. आपण रोज 'दाम' म्हणतो तोही त्यांच्या द्राख्मा या नाण्याच्या नावातून आलेला. पुण्याच्या मैत्रिणीला तिथंच बोलाव. खांबापाशी बसून त्या ऐंशी युरोंच्या निरोपाचा मजकूर दोघी मिळून पक्का करा, आणि पायऱ्या उतरायच्या आत ग्रुपवर पाठवून द्या. काय उत्तर आलं ते मला कळव.

तुझी,
मावशी